अप्पांची लाकडं

आमच्या आणि अप्पांच्या परड्यांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. अप्पा गडग्यापलीकडे राहायचे आणि त्यांचा धूर अलीकडे. सकाळी मी कपडे वाळत घातले की नेमका त्यांचा बंब पेटायचा. नारळाची सोडणं, झावळ्यांचे थोटे, काजूची वाळकी फाटी, जे हाताला लागेल ते बंबात. सगळा धूर गडगा ओलांडून माझ्या साड्यांत येऊन बसायचा. कचेरीत बायका विचारायच्या, "कुंदाताई, तुमच्याकडे अजून चुलीवर स्वयंपाक करतात का हो?"

मी कितीदा सांगितलं असेल, "अप्पा, तासाभराने पेटवा की जरा."

त्यावर उत्तर ठरलेलं. "तू तासाभराने वाळत घाल की गो. बंब आधीचा आहे, तू नंतर आल्येस."

खरंच होतं ते. मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हापासून अप्पा होते, बंब होता आणि दोघांचं काहीही न ऐकणं होतं. रत्नागिरीहून पावसकडे जाताना समुद्राची बाजू सोडून थोडं वर चढलं की आमची वाडी. अप्पांची हापूसची कलमं होती, त्यावर घर चालायचं. मुलगा-सून पुण्याला. काकू गेल्यापासून अप्पा एकटे. कमरेला पंचा, अंगात बाह्यांचा बनियन, आणि हातात कायम कसली तरी काठी. ती टेकायला नव्हती, दाखवायला होती.

अप्पांनी आयुष्यात काही टाकलं नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून, चिमटा लावून दोरीवर. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून ठेवलेल्या. आमच्याकडे आले की बोलता बोलता उठून दिवे बंद करायचे. एकदा माझे यजमान पंख्याखाली पेपर वाचत बसले होते, तर अप्पांनी सरळ पंखा बंद केला. म्हणाले, "तुला काय वाळत घातलंय?" यजमान घामाने निथळत बसले, पण उठून पंखा लावायची त्यांची छाती झाली नाही.

असा माणूस म्हणजे पर्यावरणाचा केवढा कैवारी, असं तुम्हाला वाटेल. तसं अप्पांना म्हटलं असतं तर काठी उगारली असती. तो शब्दच त्यांना चालत नसे. साथीच्या रोगाचं नाव घ्यावं तसं ते म्हणायचे, "ते तुमचं पर्यावरण."

तुमचं म्हणजे सईचं. सई ही त्यांची नात, मुलाची मुलगी. पर्यावरण याच विषयातली मोठी पदवी तिने घेतली होती. कंपन्यांनी धूर कसा कमी करावा हे त्यांना सांगायचं, अशी काहीतरी तिची नोकरी, आणि ती घरी बसून करता यायची. दिवाळीनंतर पंधरा दिवस म्हणून आली आणि राहिलीच. आजोबा एकटे असतात याची काळजी घरात तिला एकटीलाच होती, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटायचं नाही.

येताना तिने बांबूचा दात घासायचा ब्रश आणला. अप्पा राखुंडी लावणारे. ते म्हणाले, "दातांत कुसळ गेलं म्हणजे कळेल." ती दूध पीत नसे, कारण गुरांमुळेही हवा बिघडते म्हणे. अप्पांच्या घरात काळा चहा सुतकात सुद्धा झाला नव्हता. मग पार्सलं यायला लागली. निसर्गाला अपाय न करणारा साबण, निसर्गाला अपाय न करणारं भांड्यांचं पातळ काहीतरी. पार्सलवाल्याची मोटारसायकल दिवसाआड फटफटत चढ चढून यायची. अप्पा ते खोके सरळ करून माळ्यावर ठेवत. "त्या साबणापेक्षा खोका दणकट आहे," म्हणायचे.

आणि एसी. उन्हाळा लागल्यावर लॅपटॉप तापतो म्हणून तिने आपल्या खोलीला एसी बसवून घेतला. त्या दिवशी अप्पा गडग्यावर कोपरं टेकून माझी वाटच बघत उभे होते. "ऐकलंस काय गो कुंदा? पृथ्वी गार करायची आहे, म्हणून हिला आधी स्वतःची खोली गार करायला लागत्ये."

ते गेले की थोड्या वेळाने त्याच जागी सई. "मावशी, तुम्ही तरी सांगा त्यांना. रोज तो धूर त्यांच्याच छातीत जातो. सोलर बसवून देते म्हणतेय तर म्हणतात, त्या पाण्याला चव नाही. अंघोळीच्या पाण्याला!"

दोघांचंही थोडं थोडं बरोबर असायचं आणि हीच डोकेदुखी होती. एकाचं साफ चुकलं असतं तर मी झटकन दार लावून घेतलं असतं. माझे यजमान म्हणायचे, गडगा उंच करून घे. तेवढं एक करायचं राहिलं.

पहिलं मोठं भांडण पातेऱ्यावरून झालं. थंडीत कलमांखाली वाळक्या पानांचा खच पडतो. अप्पा तो झाडून, ढीग करून तिन्हीसांजेला पेटवायचे. सई म्हणाली, जाळायचा नाही, झाडांच्या बुंध्याशी पसरायचा. ओल राहते, खत होतं. अप्पा म्हणाले, "आणि फुरसं? ते कुठे राहतं?" फुरसं म्हणजे वीतभर लांबीचा साप, पण चावला तर माणसाची खैर नाही. सईने केरसुणी लपवली. अप्पांनी दुसरी बांधली. शेवटी मला मध्ये घालून तह झाला: एका रांगेत सईचा कारभार, बाकी अप्पांचा.

माघात त्याच रांगेत फुरसं निघालं. अप्पांचा आनंद काय सांगू! "कुंदा, ये लवकर! पर्यावरण आलं!" मी धावत गेले तर काठी उगारून अप्पा उभे आणि त्यांच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून सई. मारू देईना. शेवटी फुरशावर घमेलं पालथं घातलं, वर चिरा ठेवला, आणि शहरातून सर्पमित्राला फोन केला. तो येईस्तोवर अप्पा घमेल्याशेजारी खुर्ची टाकून बसले. तिथेच चहा प्यायले, बिस्किट खाल्लं, वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला "आत काय आहे ओळख" म्हणून विचारलं. तो तरुण आला, फुरसं बरणीत घातलं आणि गाडीला किक मारली. अप्पा त्याच्या धुराकडे बघत म्हणाले, "आता हा पेट्रोल जाळत त्याला रानात सोडायला जाणार. माझ्या काठीला पेट्रोल लागत नव्हतं."

त्या उन्हाळ्यात त्या एका रांगेची फळं कमी गळली. ते मी पाहिलं, सईने पाहिलं, अप्पांनी तर नक्कीच पाहिलं. पण विचारलं तर म्हणायचे, ती रांग मुळातच शहाणी आहे.

पण खरा तंटा शेप्याचा. शेप्या म्हणजे अप्पांच्या परड्याच्या कोपऱ्यातला रायवळ आंबा. फळ एवढंसं, दोऱ्यांनी भरलेलं, आणि वासाला थेट शेपूची भाजी. अप्पांशिवाय तो कुणी खात नसे. गडग्याला लागून असल्याने निम्मा पाला आमच्याकडे पडायचा, तो मीच काढायचे. त्यांच्या घरात एक रीत होती. लग्न झालं की त्या जोडप्याच्या नावाने परड्यात दोन कोयी रुजत घालायच्या, एक नवऱ्याची, एक बायकोची. फळासाठी नव्हे, सरणासाठी. ज्याच्या मरणाची लाकडं त्याच्या दारात. काकूंचा आंबा खोबऱ्या, अप्पांचा शेप्या. काकू गेल्या तेव्हा खोबऱ्या तोडला.

सई आली त्या फाल्गुनात अप्पांनी लाकूडतोड्या बाळूला निरोप धाडला. शेप्या तोडायचा, फोडायचा आणि खोपीत रचून ठेवायचा. अप्पा ठणठणीत होते, जेवण व्यवस्थित, आवाज तर वाडीच्या खालच्या टोकापर्यंत. तरी म्हणे तयारी हवी.

सकाळी आरडाओरडा ऐकून मी गेले तर शेप्याच्या बुंध्याला पाठ लावून सई बसलेली, मांडीवर लॅपटॉप, कानात ती बोंडं, आणि काम चालू. बाळू कुऱ्हाड टेकून उभा. "मी काय करू अप्पा, ताई उठत नायत."

"सई, ऊठ."

"अप्पा, जिवंत माणसासाठी जिवंत झाड तोडायचं? शहरात गॅसची दाहिनी आहे. झाड जात नाही, धूर होत नाही, कुणाला त्रास नाही."

"गॅसवर? मी काय चहा आहे?"

बाळू हसला, मीही हसले. सई नाही हसली. "एक झाड वाढायला एवढी वर्षं लागतात आणि तुम्ही ते दोन तासांत जाळणार. याला काय अर्थ आहे? एवढी कसली घाई आहे तुम्हाला?"

मग अप्पा बोलले ते मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. आवाज न चढवता बोलले.

"तुझी आजी आषाढात गेली. तू लहान होतीस, तुला आणलं नव्हतं. खोबऱ्या त्याच दिवशी तोडला, भर पावसात. ओलं लाकूड गो ते. पेटेना. रॉकेल ओतलं, पेटेना. मग कुणीतरी हातखंब्याहून ट्रकचे जुने टायर आणलेन. टायर घालून जाळली तिला, सई. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी आषाढात मेलो तर माझ्या मुलाला ते बघायला लागू नये, एवढीच घाई आहे."

सईने कानातली बोंडं काढली. मला तर तिथून निघून जावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला धुराबद्दल बोलत होते.

शेवटी बाळूनेच तोडगा काढला. बुंधा राखायचा, नुसत्या जाड फांद्या उतरवायच्या. झाड जगतं, लाकूडही होतं. सई उठली. अप्पा म्हणाले, "म्हणजे अर्धं सरण. अर्धाच मरेन." पण मान्य केलं. फांद्या फोडून खोपीत रचल्या, वर कुठल्याशा वाढदिवसाचा जुना फ्लेक्स पांघरला, आणि अप्पा पाहुण्यांना बाग दाखवावी तशी ती रास दाखवायला लागले. मे महिन्यात पुण्याहून सून आली तर तिलाही नेऊन दाखवली. ती दोन दिवस धड जेवली नाही.

पुढच्याच आषाढात शांताराम गेला. शांताराम खालच्या घरातला, वाटेच्या वादावरून अप्पांशी कित्येक वर्षं अबोला धरलेला. त्याचा मुलगा दिनेश मुंबईला नोकरीला, पण लावणीसाठी म्हणून नेमका घरी आलेला होता. पाऊस असा की समोरचं माणूस दिसू नये. शहराच्या रस्त्यावर दरड आलेली, गाडी जायची सोय नाही. गॅसची दाहिनी त्या दिवशी कुणाच्या कामाची नव्हती. त्यांच्या पडवीतली फाटी भिजून चिंब.

अप्पा ओटीवर बसून खालच्या घराकडे बघत होते. सई दारात होती, मी विचारपूस करायला आले होते.

"दिनेशला म्हणावं, खोपीतली घेऊन जा," अप्पा म्हणाले.

सईने विचारलं, "सगळी?"

"अर्धं माणूस जाळतात काय गो?"

ती छत्रीसुद्धा न घेता खाली धावली. वाडीतल्या माणसांनी प्लॅस्टिकखाली झाकून लाकडं नेली. सईनेही डोक्यावर मोळी नेली. झाड वाचवायला निघालेली पोरगी चिखलातून लाकडं वाहत होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. तिला मात्र मी तसं म्हटलं नाही. दोघांपैकी एकाचंही कौतुक केलं की दुसरा गडग्यावर यायचा.

शांतारामचं सगळं नीट झालं. त्यानंतर महिनाभर अप्पांनी आमचं डोकं खाल्लं. "जिवंतपणी माझी वाट घेऊन बसला, मेल्यावर लाकडं घेऊन गेला." दिनेश मुंबईला परत जाताना पाया पडायला आला तर त्यालाही ऐकवलं, "तुझा बाप जरा जास्तच जळला."

दिवाळी झाली आणि पुन्हा तेच. बोलवा बाळूला. सई म्हणाली, शेप्याला आता हात लावायचा नाही, त्याला नुकते कुठे फुटवे आलेत. मी गोळा करते. आपोआप पडलेलं, वाऱ्याने मोडलेलं, वाळलेलं, तेवढंच. आणि करायला लागली. काम संपलं की संध्याकाळी कलमांखालून, गडग्याच्या कडेने, वरच्या काजूतून लाकडं ओढत आणायची. अप्पा खोपीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि चुका काढायचे.

"अशी रचतात काय? मध्ये वारा खेळला पाहिजे. साल वर कर. वर गो, वर! पुण्यात काय शिकवलंन तुला?"

"अप्पा, तुमचंच सरण आहे ना हे? मग जरा प्रेमाने बोला."

"माझं आहे म्हणूनच सांगतोय. मला टोचेल."

मी कचेरीतून येताना रोज हे ऐकायचे. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, घराला माडी चढवतायत.

रास गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सई रोज आणत होती, रास वाढत नव्हती. एक दिवस ती गडग्याशी आली आणि चाचरत म्हणाली, "मावशी, रागावू नका. तुमच्याकडे कामाला येतात त्या बाई लाकडं नेत असतील का?" माझं डोकंच फिरलं. माझी बाई, जिच्या घरी दोन दोन सिलिंडर आहेत, ती अप्पांच्या सरणाची लाकडं नेणार? मी सईला नको नको ते बोलले. ती तोंड पाडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. अप्पा पंच्यावर खोपीशी आले. इकडे तिकडे पाहिलं. राशीतलं चांगलं जाडजूड लाकूड ओढून काढलं, दुसरं काढलं, आणि दोन्ही काखेत मारून बंबाकडे निघाले. वळताना मी दिसले.

"ओलं होतं," ते म्हणाले.

"फाल्गुनात?"

ते गडग्याशी आले. मी तावातावाने सुरू केलं. पोरगी संध्याकाळी पाठ मोडून गोळा करते, माझ्या बाईवर आळ आला, आणि तुम्ही सकाळी उठून स्वतःच्याच लाकडांची चोरी करता? लाज नाही वाटत या वयात?

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. हे त्यांच्या बाबतीत नवीनच होतं. मग हळूच म्हणाले, "रास पुरी झाली की काय करायचं गो मी? समोर बसून वाट बघायची?"

ते लाकडं घेऊन गेले, जाताना म्हणाले, "तिला सांगू नकोस." थोड्या वेळाने धूर आला.

मी सांगितलं. माझ्या बाईच्या अब्रूचा प्रश्न होता. मला वाटलं आता ही ओटीवर जाऊन आकांडतांडव करणार. धुराविरुद्ध नोकरी करणारी मुलगी, आणि तिनेच जमवलेली लाकडं रोज बंबात! पण ती संध्याकाळी नेहमीसारखी लाकडं आणायला गेली. पुढे काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की राशीच्या वरच्या थरात आता बारीक, हलकी, हाताशी येतील अशी फाटी असतात. जाड लाकडं खाली गेलेली. मी विचारलं तर म्हणाली, "जाड ओढताना त्यांची पाठ भरते." आणि बजावलं, "त्यांना कळू देऊ नका हं, मावशी." म्हणजे आता दोघांचीही गुपितं माझ्याकडेच. तो सबंध उन्हाळा ती संध्याकाळी भरत होती आणि ते सकाळी काढत होते, आणि दिवसभर एसीवरून भांडण चालू.

गेल्या आषाढात अप्पा गेले. दुपारी जेवून ओटीवर खुर्चीत बसले आणि सईने चहाला हाक मारली तेव्हा उठले नाहीत. सईचे आई-बाबा पुण्याहून निघाले. फोनवर ते म्हणाले, रस्ता चालू आहे, शहरात गॅसवर नेऊ, सोपं पडेल. सईने "नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. मग खोपीपाशी जाऊन उभी राहिली. रास गुडघ्याएवढीच होती. बाळू कुऱ्हाड घेऊन आला, शेप्याकडे बघत राहिला. सई म्हणाली, "ओलं लाकूड नको." एवढं म्हणून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या मनात आपण हरलो असंच असणार. झाड राखलं आणि आजोबांना द्यायला लाकूड नाही.

तेवढ्यात खालून दिनेश आला, लावणीचा चिखल पायांना तसाच. खांद्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वाळकी फाटी. म्हणाला, "ताई, अप्पांची लाकडं आमच्याकडं उसनी होती." त्याच्यामागून वाडी आली. कुणी एक मोळी, कुणी दोन ओंडके, ज्याच्या पडवीत जे कोरडं होतं ते. सईने स्वतः पुढे होऊन रचायला सांगितलं. मध्ये वारा खेळेल असं. साल वर. टायर लागला नाही, रॉकेलही नाही. शेप्या तसाच उभा आहे, आणि यंदा सईने त्याचे ते शेपूच्या वासाचे आंबे टोपलीभर माझ्याकडे आणून दिले. मला खाता येत नाहीत आणि टाकवत नाहीत.

पण मला अप्पा आठवतात ते गेले त्याच दिवशीच्या सकाळचे. पाऊस रपरप पडत होता. मी मागच्या दारात उभी होते. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेऊन अप्पा खोपीतून बाहेर आले, काखेत वरच्या थरातली दोन फाटी. मला बघून या वेळी ते दचकले नाहीत. गडग्याशी थांबले आणि ओरडून म्हणाले, "कुंदा, कपडे घे हो आत. पेटवतोय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आधी सांगितलं होतं, आणि तेही कधी, तर आषाढात. मी वैतागून ओरडले, "अहो अप्पा, या पावसात कपडे कुठे आहेत बाहेर?"

त्यांनी दोरीकडे पाहिलं. दोरी रिकामी, पाण्याने निथळत होती. मग हसले, फाटी काखेत नीट धरली आणि आत गेले.